गड्याची जागा रिकामी राहिली तर

प्रश्न पुण्यात राहणाऱ्या एका आईचा आहे. सासर दक्षिण गोव्यातलं. गावच्या शिगम्याला, म्हणजे शिमग्याच्या उत्सवाला, देवळासमोर गडे, म्हणजे देवाच्या सेवेला नेमलेली माणसं, उभे राहतात आणि त्यांतल्या काहींच्या कपाळावर तलवारीनं चरा ओढून रक्ताचे थेंब देवाला देतात. त्यांच्या घराकडे यातली एक जागा पिढ्यान्‌पिढ्या आहे. सासरे आता थकले, दीर बोटीवर, म्हणून पुढच्या शिगम्याला त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलानं उभं राहावं असं भावकीचं म्हणणं. ‘जागा रिकामी राहिली तर गावात आपला मान गेला’, असं सासूबाई सांगतात. ही आई विचारते: ही हिंसा नाही का? अशा प्रथांनी गाव एकत्र राहतं, की उतरंड पक्की होते? आणि मी विरोध करावा का?

ताई, आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. महसूल खात्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यांतली बरीच मामलेदार म्हणून. गोव्यात मामलेदार नुसता जमिनीचा अधिकारी नसतो. पोर्तुगीज अमदानीत 1933 साली देवस्थानांसाठी जो नियम झाला, ज्याला आम्ही कचेरीत नुसतं ‘माझानिया’ म्हणतो, तो आजही लागू आहे आणि त्यानुसार तालुक्यातल्या देवस्थानांवर देखरेख मामलेदाराची. महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या हक्कदार सदस्यांच्या, याद्या, समितीच्या निवडणुका, पालखीला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, हे सगळं माझ्या टेबलावर यायचं. शिगम्याच्या आधीच्या महिन्यात तर मला दुसऱ्या कामाला फुरसत नसायची. मी लोकवेदाचा अभ्यासक नाही. रात्र रात्र मांडावर, म्हणजे उत्सवाच्या ठरलेल्या जागेवर, बसून आणि दोन्ही बाजूंचं ऐकून जे कळलं, तेवढंच सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. हो, ही हिंसा आहे. माणसाच्या अंगावर शस्त्र चालतं, रक्त येतं, त्याला दुसरं नाव देऊन काही हाती लागत नाही. ‘ही श्रद्धा आहे’ म्हणून भावकी विषय संपवील, ‘हा रानटीपणा आहे’ म्हणून पुण्यातले शेजारी संपवतील. पण ती जखम कुणाला होते, कुणाच्या हातून होते, आणि त्या घटकेला कोण कुठे उभं असतं, हे दोघंही बघत नाहीत. गावाची सगळी घडण त्या घटकेला उघडी पडलेली असते. रक्ताचे थेंब चार-पाच असतील. ते देण्याचा हक्क कुणाचा, यावरून सख्खे चुलतभाऊ आयुष्यभर एकमेकांशी न बोलता मेलेले मी पाहिले आहेत.

काणकोणात श्रीस्थळला मल्लिकार्जुनाच्या देवळात शिशारान्नी होते, ती घ्या. एक वर्षाआड, मधल्या वर्षी वीरामेळ नावाचा दुसरा उत्सव. शिश म्हणजे डोकं आणि रान्नी म्हणजे चूल. तीन गडे असे आडवे होतात की तिघांची डोकी चुलीच्या तीन धोंड्यांसारखी जवळ येतात. त्यांवर मडकं चढतं, विस्तव होतो, तांदूळ शिजतात. मग तलवारीनं डोक्याचं रक्त काढून ते भातात मिसळतात आणि तो भात जमलेल्यांवर उडवतात. पहिल्यांदा बघणाऱ्याचे डोळे विस्तवावर आणि तलवारीवर खिळतात. माझेही खिळले होते. दुसऱ्या खेपेला शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाला, “सायबा, उज्याक पळोव नाकात. मनशांक पळयात.” विस्तवाकडे नको, माणसांकडे बघा. मग मी माणसांकडे बघायला लागलो. आडवं कोण होतं, मडकं कोण ठेवतं, तांदूळ कुणाच्या हातून येतात, तलवार कुणाच्या मुठीत, ढोल कुठून वाजतो, आत कोण, पायरीवर कोण, आणि बायका कुठपर्यंत. एकाही माणसाला ‘तू इथे उभा राहा’ असं कुणी सांगत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे भाऊ वेगळे झाले की ‘चूल वेगळी झाली’ असं म्हणतात. माणसांच्या डोक्यांची चूल मांडायची आणि तिच्यावर शिजलेली शितं सगळ्या गावाच्या अंगावर टाकायची, म्हणजे गाव सांगतं की आमची चूल एक. ते खोटं नाही. त्या रात्री लोकांच्या चेहऱ्यावर ते दिसतं. पण त्याच घटकेला गाव हेही सांगतं की चुलीचे धोंडे कोण आणि नुसती शितं अंगावर घेणारे कोण. तुम्ही विचारलंत की गाव एकत्र राहतं की उतरंड पक्की होते. मांडावर या दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवता येत नाहीत. ज्या कृतीनं गाव एक होतं, तिच्याच पोटात कोण वर आणि कोण खाली हे असतं.

सत्तरी तालुक्यातल्या झर्मे गावचा चोरोत्सव मला याहून जास्त अस्वस्थ करतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्याविषयी मला आदरही जास्त वाटतो. शिगम्याच्या दिवसांत तिथे काही जणांना ‘चोर’ करतात आणि मातीत पुरतात. कुणाचं धड मातीखाली आणि डोकं वर, कुणाचं डोकंच मातीखाली आणि अंग बाहेर. मागची कथा अशी सांगतात की गावात आलेल्या निरपराध माणसांना चोर समजून गावानं मारलं आणि चूक मागाहून कळली. ते पाप गावाच्या माथ्यावर आहे, म्हणून गावचीच माणसं चोर होऊन मातीत जातात. मामलेदार म्हणून मी मृतांचे पंचनामे केले आहेत. जमावानं माणूस मारला की दुसऱ्या दिवशी कुणीच काही पाहिलेलं नसतं. चार-पाचशे माणसांत साक्षीदार एक सापडत नाही. आणि इथे एक गाव आपल्या जमावाचा गुन्हा दर शिगम्याला चव्हाट्यावर आणतं आणि आपल्याच पोरांच्या अंगावर घेतं. झर्म्यातल्या मुलाला लहानपणीच कळतं की सगळं गाव मिळूनसुद्धा चुकू शकतं. हे शिकवायची दुसरी जागा मला तरी माहीत नाही. ‘अंगाला त्रास देणाऱ्या सगळ्या प्रथा बंद करा’ असं कुणी म्हणालं की मी आधी झर्म्याचं नाव घेतो.

बंदीचा विषय निघालाच आहे तर एवढंच. बैलांची धिरयो, म्हणजे झुंज, 1996 साली न्यायालयानं बंद केली. तिच्यात देवाधर्माचं फार काही नव्हतं आणि बंदी योग्यच होती. पण ती अजून चोरून होते, आणि चोरून होते तेव्हा बैलाला आवरणारे जाणते लोक तिथे नसतात, पैज लावणारेच असतात. उलट दिवाडी बेटावर वाड्यांच्या हद्दींवरून खऱ्या मारामाऱ्या व्हायच्या, लोक झेंडे पाडायचे. तेच भांडण आज ऑगस्टातल्या बोंदेरात बांबूच्या फोटाशीतून रानफळं मारून खेळतात. तिथे कुणाच्या हुकुमानं नव्हे, लोकांनीच भांडणाचा खेळ करून टाकला.

शिरगावच्या लईराई देवीचं वळण अगदी वेगळं. वैशाख शुद्ध पंचमीची जत्रा. धोंड, म्हणजे तिचे भक्त, व्रत धरतात, सोवळं पाळतात, घरापासून बाजूला एकत्र राहतात, आपलं आपण रांधतात, हातात गोंड्यांचा वेत घेतात आणि रात्री पेटवलेल्या होमखणाच्या निखाऱ्यांतून पहाटे पार होतात. इथे कुणाच्या घराण्याची जागा राखून ठेवलेली नाही. व्रत पाळलं की झालं. डिचोलीचा, पेडण्याचा, सिंधुदुर्गातला, बेळगावकडचा, कुठलाही माणूस धोंड होतो. लईराई सात बहिणींतली एक, आणि तिची बहीण मिराबाय म्हणजेच म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण असं लोक मानतात. इकडून तिच्या फेस्ताला तेल जातं, तिकडून लईराईला मोगरीची फुलं येतात. माझ्या कचेरीतला एक शिपाई धोंड होता. जत्रेआधी तो रजेवर जायचा. परत आला की एरवी त्याला नावानं हाक मारून चहाला पिटाळणारे कारकून थोडे दिवस स्वतः उठून पाणी घ्यायचे. आठवडाभर. मग पुन्हा ‘अरे, दोन चहा सांग’. मी ते दर वर्षी बघायचो. आठवडाच टिकायचं हे खरं. पण शिपायाशी वेगळ्या तऱ्हेनं वागता येतं हे त्या आठवड्यात सगळ्या कचेरीला कळलेलं असायचं, आणि शिपायालाही.

त्याच शिरगावात 2025 च्या जत्रेला, 3 मेच्या पहाटे, चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली. त्यांना विस्तवानं मारलं नाही, गर्दीनं मारलं. विस्तवाला व्रत आहे, नेम आहे, कुणी कसं जायचं याची रीत आहे. वाढत गेलेल्या गर्दीला तशी रीत नव्हती. हे तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण प्रथेत जो धोका डोळ्यांना दिसतो, त्याच्याकडेच बघत राहायची आपल्याला सवय आहे. तुमच्या मुलाच्या कपाळावरची तलवार तुम्हाला दिसते. मला तिच्याहून दुसऱ्याच गोष्टीची काळजी आहे, तिकडे येतो.

कुंकळ्ळीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिथे 15 जुलै 1583 रोजी, देवळं मोडल्याचा राग धुमसत असताना, गावकारांनी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या लोकांनी, पाच जेझुइट धर्मप्रचारकांना ठार मारलं. पुढे बोलणी करायची म्हणून पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या म्होरक्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांची कत्तल केली. गावाची जमीन गेली. देवी शांतादुर्गा फातर्प्याला जाऊन राहिली. आज शिगम्यात ती फातर्प्याहून कुंकळ्ळीला येते, बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या घेऊन. त्या सोहळ्याला सोंत्र्यो म्हणतात. रस्ता गुलालानं लाल होतो, आणि त्या वांगडांतली ख्रिस्ती घरंही आपल्या वांगडाची छत्री आपली समजतात. मारले गेले त्यांचे, बाटले त्यांचे आणि देव घेऊन नदीपार गेले त्यांचे वंशज एकाच मिरवणुकीत चालतात. हे बघताना माझ्या डोळ्यांत पाणी येतं, दर वेळी. पण छत्र्या बाराच असतात. मागाहून येऊन स्थायिक झालेल्यांना, शेत कसणाऱ्यांना, मीठ काढणाऱ्यांना त्यात छत्री नाही. ज्या जखमेनं बारा वांगड एकमेकांना कायमचे बांधले गेले, तिनंच बाकीच्यांना कडेला उभं केलं. जुन्या हिंसेची आठवण ज्याच्याकडे, मान त्याच्याकडे.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. आमच्या देवळांतली सगळ्यांत क्रूर प्रथा बिनरक्ताची होती. लहान मुलीला देवाला वाहायची, तिचा शेंस विधी करायचा, दुसऱ्या एका मुलीला नवऱ्याचा वेष चढवून तिच्याशी लग्न लावल्यासारखं करायचं. हळद, फुलं, वाजंत्री, जेवण. तलवार नाही, निखारा नाही. त्या एका दुपारी त्या मुलीचं आणि तिच्या पोटी येणाऱ्या मुलींचं सगळं आयुष्य ठरून जायचं. गड्याची जखम आठवड्यात भरते. ती जखम पिढ्या पुरायची, आणि गाव त्याला ‘देवाची सेवा’ म्हणायचं, ‘मान’ म्हणायचं. पैंगीणच्या राजाराम पैंगीणकरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच्याविरुद्ध जन्म घातला, गोमंतक मराठा समाज उभा केला. 1930 साली पोर्तुगीज सरकारनं ती प्रथा कायद्यानं बंद केली. 1963 साली त्याच समाजातले भाऊसाहेब बांदोडकर मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. देवळं कोसळली नाहीत, पालख्या थांबल्या नाहीत. मुलीच वाहायच्या बंद झाल्या.

दुसरं उदाहरण मी नोकरीत डोळ्यांनी पाहिलेलं. एका गावात ढोलावर पहिली टिपरी पडल्याशिवाय उत्सव सुरूच होत नसे, आणि ती टिपरी मारण्याचं काम पिढीजात महारांच्या एका घराकडे. ढोल मात्र देवळाच्या आवाराबाहेर वाजवायचा. पाऊस असो, ऊन असो. मी विचारलं तर गावकार अभिमानानं म्हणाले, “तो तांचो मान.” त्या घरचा मुलगा आयटीआय शिकला, मडगावला नोकरीला लागला आणि एका वर्षी आलाच नाही. मग सगळा गाव माझ्या कचेरीत. ‘मान’ घ्यायला त्याला सरकारी हुकुमानं बोलवा म्हणून. मी तो अर्ज फेटाळला. जो मान नको म्हणता येत नाही, ती वेठ झाली. तलवारीपेक्षा मला काळजी वाटते ती याची, ताई. जो पुढे येतो त्याला मागे जाता येतं का? जो बाहेर उभा आहे त्याला आत येता येतं का? धोंडाला व्रत धरता येतं आणि सोडताही येतं. तुमच्या मुलाला येईल का, हे तुमच्या भावकीला विचारा.

मग लोक या मानाला इतके का चिकटतात? तुमच्या सासूबाईंची भीती हसण्यावारी नेऊ नका, ती कुठून आली ते समजून घ्या. जुन्या गावात जमीन आणि मान एकाच हातात असत. मुक्तीनंतर 1964 साली कूळ कायदा आला, पुढे मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना, घराचा हक्क मिळाला. खाणीचा पैसा आला, बोटीवरचा आला, हॉटेलांचा आला. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरची नावं बदलली. पण मांडावरची जागा कुठल्याच तलाठ्याच्या वहीत नसते. ती वर्षातून एकदा, सगळ्यांच्या देखत, करून दाखवूनच टिकते. ज्याची जमीन गेली त्याला उरलेला मान सोडवत नाही, आणि ज्याला जमीन मिळाली त्याला आता मानही हवा. माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त देवस्थानी भांडणांच्या मुळाशी हेच होतं, अर्जात काही का लिहिलेलं असेना.

पेडण्याकडच्या एका गावातलं भांडण सांगतो, त्यात माझी चूक आहे. मांडावर पहिलं नमन कुणी घालायचं यावरून दोन गट. एक जुन्या गावकारांचा, दुसरा वरच्या वाड्याचा, पूर्वी कुळं असलेल्यांचा. एका शिगम्याला दगडफेक झाली, दोघांची डोकी फुटली, आणि ते रक्त काही देवाला दिलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी दोघांना बसवलं आणि जमिनीच्या माणसाला सुचतं तेच केलं: वाटणी. मध्यरात्रीपर्यंत मांड एकाचा, मग दुसऱ्याचा. दोघांनी सह्या केल्या. मी खूश. त्या रात्री बारा वाजले तेव्हा पहिल्या गटाच्या गड्याच्या अंगावर भार, म्हणजे देवाचा संचार, होता, तो उतरेना. भार उतरल्याशिवाय मांड सोडता येत नाही. दुसरा गट ढोल घेऊन दारात. घड्याळ दाखवत पोलीस मधे. देवाच्या भाराला मी वेळ घालून दिली होती. त्या रात्री जे झालं त्यानंतर कलम 144, म्हणजे आताचं 163, लावून देवळाला टाळं ठोकावं लागलं, आणि ते पुढचे तीन शिगमे निघालं नाही.

त्यांतल्या एका शिगम्याच्या रात्री मी बंदोबस्त बघायला गेलो. पिंपळाखाली चार पोलीस मोबाइल बघत बसलेले. देवळाच्या पायरीवर एक सत्तरीतला गडा, अंगावर धुतलेलं पांढरं धोतर, मांडीवर न पेटवलेली चूड, म्हणजे झावळ्यांची मशाल. मी विचारलं, कशाला बसलात, काही होणार नाही आज. तो म्हणाला, “सायबा, म्हाका मान नाका. म्हजी पाळी चुकता.” मला मान नको, माझी पाळी चुकतेय. भांडणाऱ्या दोन्ही गटांच्या अर्जांत ‘मान’ हा शब्द मी शंभरदा वाचला होता. ‘पाळी’ पहिल्यांदा ऐकला. मान मिळवायचा असतो. पाळी करायची असते, आणि केली की पुढच्याला द्यायची असते. तो पहाटेपर्यंत बसला, चूड तशीच काखेत मारून घरी गेला.

भांडण मिटलं ते माझ्यामुळे नाही. गुरवानं मिटवलं. सगळ्यांसमोर तो म्हणाला, गाऱ्हाण्यात वरच्या वाड्याचं नाव कधी घेतलंच जात नाही. गाऱ्हाणं घालताना देवाला हाका मारून गावातल्या वाड्यांची, राखणदारांची, मानकऱ्यांची नावं घेतात आणि लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. वरचा वाडा तिथे शे-दीडशे वर्षं होता आणि गाऱ्हाण्यात नव्हता. देवासमोर जणू ते लोक गावात नव्हतेच. ‘तेवढं नाव घाला, मग नमन तुम्हीच आधी घाला’, असं वरच्या वाड्यानं सांगितलं. जुन्या गावकारांना हे पचायला आणखी एक पावसाळा गेला. देवाला कौल लावला, पाकळी उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार आला. चौथ्या शिगम्याला टाळं निघालं. गुरवानं वरच्या वाड्याचं नाव उच्चारलं तेव्हा क्षणभर कुणी काहीच म्हणालं नाही. मग मागून, जिथे बायका उभ्या होत्या तिथून, ‘व्हय म्हाराजा’ आलं, आणि त्यामागून सगळा मांड. चूडवाला म्हातारा त्या वर्षी नव्हता.

आता तुमच्या घरचं. मुलगा सतरा वर्षांचा आहे. अठरा पुरी होईपर्यंत त्याच्या अंगावर शस्त्र चालणार नाही, एवढं तुम्ही कुणाची परवानगी न घेता सांगू शकता. आई म्हणून तो तुमचा अधिकार आहे आणि कायदाही तुमच्याच बाजूनं उभा राहील. विरोध म्हणून नका सांगू, ‘अजून त्याची पाळी आली नाही’ असं सांगा. हे वाक्य गावाला कळतं.

जागा रिकामी राहण्याचा धाक जितका दाखवतात तितका खरा नसतो. जागा घराची असते, एका विशिष्ट मुलाची नसते. मी पाहिलेल्या मांडांवर सुतक, आजारपण, परदेश अशा कारणांनी चुलतघरातला, कधी भाच्यांतला माणूस एक-दोन वर्षं उभा राहिला आहे आणि पुढे जागा मूळ घराकडे परत आली आहे. गावकारांकडे रीतसर बोलून, नारळ ठेवून हे ठरवायचं असतं. न सांगता गैरहजर राहिलात तर मात्र मान गेला म्हणतील, आणि ते म्हणणं बरोबर असेल.

अठरानंतर तो स्वतः उभा राहणार असेल, तर दोन गोष्टींवर अडून बसा. एकच तलवार एकामागून एक चार कपाळांवर फिरत असेल तर ते थांबलंच पाहिजे. हिपॅटायटिस बीसारखे रोग नेमके असेच पसरतात. प्रत्येकासाठी वेगळं, उकळून घेतलेलं पातं, आणि आधी धनुर्वाताचं इंजेक्शन. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला समितीनं बोलावलं तर तो येतो, मी बोलावून पाहिलं आहे. दुसरं म्हणजे चरा किती खोल, हे ठरवणारा माणूस शुद्धीत आणि न प्यायलेला असावा. ‘देवाच्या कामात हे काय’ असं कुणी म्हणालं तर पैंगीणच्या वेताळाची गड्यांची जत्रा सांगा. तिथे पूर्वी पाठीच्या कातडीत गळ अडकवून गड्यांना उंच फिरवत, असं जुनी माणसं सांगतात. आता कापडानं बांधून फिरवतात. जत्रा तीच, गडे तेच.

बदल हवा असेल तर ठराव मांडू नका. गावात बदल ठरावानं येत नाही, कौलानं येतो. पण कौलाला काय विचारायचं ते माणसंच ठरवतात, आणि ते ठरवताना तुमचे सासरे तुमच्या बाजूला असले पाहिजेत. त्यांना त्यांच्या पहिल्या वेळेविषयी विचारा. किती वर्षांचे होते, भीती वाटली का, कुणी विचारलं होतं का. बहुतेक म्हाताऱ्या गड्यांना हे आजवर कुणी विचारलेलं नसतं.

मुलालाही विचारा, आजोबा खोलीत नसताना, आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून न बसता. त्याला खरंच उभं राहायचं असेल तर तेही ऐकून घ्या. पुण्यात वाढलेल्या मुलाला त्या मांडावर आपली एक जागा आहे असं वाटणं ही लहान गोष्ट नाही.

आणि हे सगळं बोलणं शिगम्यापर्यंत लांबवू नका. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळी भावकी मूळ घरी जमते, तेव्हाच गावकारांना घरी बोलवा आणि कौल लावायचा तर तेव्हाच लावून घ्या. शिगम्याच्या रात्री मांडावर सगळं गाव बघत असतं. तिथे मुलाला मागे जाता येत नाही, आणि भावकीलाही नाही.